भट्टीचं विरजण

वालांना मोड आले नाहीत, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बिरडं असतं, म्हणजे असतंच. पेण सोडून कॅनडात येऊन आमची हयात गेली, पण बिरड्याच्या बाबतीत सीकेपी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. वाल भिजवायचे, उपसून फडक्यात बांधायचे आणि तळघरात भट्टीच्या झाकणावर ठेवून द्यायचे, हा माझा शिरस्ता. ते झाकण बारा महिने कोमट असतं. गाठोडं सोडलं की आत छान लांब मोड. त्या दिवशी सोडलं तर वाल जसेच्या तसे, गार. मी आधी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, जुना माल गळ्यात मारला म्हणून. मग सहज झाकणावर हात टेकला. झाकणही गार होतं.

“श्रीरंग!” मी जिन्यातून हाक मारली. “अरे, भट्टी बंद पडली वाटतं!”

श्रीरंग टिपणीस हा माझा नवरा. निवृत्त इंजिनिअर असल्यामुळे घरात काही बिघडलं की त्याला आधी आनंद होतो आणि मग काळजी वाटते. त्या दिवशी तो खाली आला तो आनंदाशिवायच. झाकणावर हात ठेवून म्हणाला, “थंड आहे.”

“ते मलाही कळतंय. का थंड आहे?”

“बघू,” असं म्हणून तो काहीही न बघता वर निघून गेला. नवरा काहीतरी लपवतोय हे ओळखायला बायकोला विज्ञान लागत नाही. पण मला वाटलं, थंडीच्या काळजीने गप्प झाला असेल.

काळजी करण्यासारखीच गोष्ट होती. आमचं गाव, एल्मरिज, सस्कॅचवानच्या उघड्या माळरानावर आहे. इथे हिवाळ्यात पापण्यांवर बर्फ साचतो. घरं आता थर्मासच्या बाटलीसारखी बांधतात हे खरं, पण थर्मासमध्येही आधी काहीतरी गरम ओतावं लागतं. भट्टी नसेल तर नळ गोठून फुटतात. म्हणून नोव्हेंबर लागायच्या आत पालिकेचा माणूस घरोघरी फिरतो आणि ज्या घरात भट्टी चालू नसेल त्या घराचं पाणी तोडून जातो. विजेचा हीटर मिळतो, पण दर घरामागे ठरवून दिलेल्या विजेत एक खोली जेमतेम उबदार राहते.

या भट्टीबद्दल जरा सांगायला हवं, कारण मराठी माणसाला भट्टी म्हटलं की पाव आठवतो नाहीतर दारू. पूर्वी इथल्या तळघरांत गॅसची भट्टी असे. घरात गॅस जाळणं कायद्याने थांबलं आणि तिच्या जागी ही आली. हिच्यात जाळ नाही, धूर नाही. हिच्यात जीव आहेत. ज्यांनी गावाकडचा उकिरडा पाहिलाय त्यांना माहीत असेल, ऐन थंडीत त्याच्या पोटातून वाफा निघतात. पेंढा आणि पाला कुजवणारे सूक्ष्मजीव खाता खाता उष्णता सोडतात, त्या या वाफा. शास्त्रज्ञांनी तेच जीव घेतले, उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांची काही जनुकं त्यांच्यात बसवली आणि उकिरड्याला ज्या कामाला महिने लागतात ते एका दिवसावर आणलं. तळघरात एक बंद पिंप असतं. वरून पेंढ्याच्या गोळ्या पडतात, आपण स्वयंपाकघरातली सालं-देठं घालायची, आणि पिंपाच्या पोटातून फिरणारं पाणी तापून नळ्यांतून घरभर जातं. म्हणायला भट्टी, पण ती चुलीपेक्षा दह्याच्या विरजणाला जवळची. रोज खाऊ घातलं तर वर्षानुवर्षं चालते आणि मेली तर नवं विरजण आणावं लागतं.

हे विरजण कुठूनही आणून चालत नाही. हे जीव निसटून शेतातल्या पेंढ्याच्या गंजीत शिरले, तर गंज आतल्या आत तापून पेट घेते. सुरुवातीला कुणीतरी स्वस्तात मिळालं म्हणून लांबचं विरजण आणलं आणि गंजीच्या गंजी जळाल्या. तेव्हापासून प्रत्येक जिल्ह्याचं वाण वेगळं. इथल्या वाणाला इथल्या पाण्यातलेच क्षार लागतात, इथल्याच गव्हाचा पेंढा पचतो. शीव ओलांडली की ते उपाशी मरतं, म्हणजे निसटलं तरी फार लांब जाऊ शकत नाही. दुरुस्ती करणाराही इथलाच लागतो, आणि लायसन्सवाला. लायसन्सची अट अशी, की जे विरजण तो दुसऱ्याच्या भट्टीत घालणार तेच त्याच्या स्वतःच्या घरी चालू असलं पाहिजे. नासकं विरजण वाटलं तर आधी त्याचंच घर गारठेल. मला ही अट फार आवडते. मंत्र्यांना अशीच काहीतरी घालायला हवी.

तर मी पालिकेच्या संकेतस्थळावर आमच्या जिल्ह्यातले लायसन्सवाले शोधले. तिघेच निघाले. पहिल्याला फोन केला तर तो लेकीकडे कायमचा राहायला गेला होता. दुसरीचा फोन यंत्राने उचलला आणि अतिशय गोड आवाजात मला नाताळानंतरची वेळ देऊ केली. तिसरं नाव वाचलं आणि मी टॅबलेट पालथा घातला.

ऋजुता चौगुले.

ऋजुता आमची सून होती. कोल्हापूरची, दूधधंद्यातल्या घरची मुलगी. सूक्ष्मजीवांचा अभ्यास करायला इथे आली, आमच्या वेदांगशी लग्न झालं आणि आमच्याच तळघरात या भट्टीशी तिचं सूत जुळलं. ती तासन्‌तास खाली बसायची, वास घ्यायची, हात लावून बघायची. मग परीक्षा देऊन तिने लायसन्स मिळवलं. नेमकी त्याच सुमाराला वेदांगला व्हँकूवरची मोठी नोकरी चालून आली. तिचं लायसन्स मात्र इथल्या पाण्याला आणि इथल्या पेंढ्याला बांधलेलं, व्हँकूवरमध्ये तो नुसता कागद. इतकी वर्षं यंत्रांनी माणसांना गावातून उचलून शहरात नेलं होतं. या यंत्राने उलटं केलं, माणसाला गावाशी बांधून टाकलं. त्याने कुणाच्या घरात काय होईल, हा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नव्हता.

“मला भट्टी सोडून येता येत नाही,” आमच्या दिवाणखान्यात उभं राहून ऋजुता म्हणाली होती. “गावातली घरं माझ्या भरवशावर आहेत.”

श्रीरंग भडकला. शेण कालवायचं लायसन्स नवऱ्यापेक्षा मोठं झालं का, असं त्याने विचारलं. त्यात शेण नसतं, हे तिने शांतपणे सांगितलं, आणि तेच त्याच्या जास्त जिव्हारी लागलं. यथावकाश घटस्फोट झाला. वेदांग व्हँकूवरला गेला, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. जाताना दागिने कपाटात ठेवून गेली. नेला तो एक कडीचा डबा, आमच्या भट्टीतलं विरजण भरून. डबा माझ्या सासूबाईंचा. त्यावर ‘सौ. कमल म. टिपणीस, पेण’ असं कोरलेलं होतं. “आईचा डबा नेला,” हे श्रीरंग नंतर कितीतरी वेळा म्हणाला. सून गेली, हे एकदाही म्हणाला नाही.

“ऋजुताला फोन करते,” मी म्हटलं.

“नको. मी बघतो.”

त्याचं बघणं असं, की दुसऱ्या दिवशी तो एका अनोळखी माणसाला घेऊन आला. माणसाच्या हातात थर्मास होता आणि थर्मासमध्ये, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, अल्बर्टाचं एक नंबर विरजण.

“लायसन्स?” मी दारातच विचारलं.

तो हसला. “मॅडम, जीवाणूंना लायसन्स वाचता येतं का?”

“मला येतं,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. श्रीरंग बाहेरच राहिला होता. त्याला नंतर मागच्या दाराने यावं लागलं.

संध्याकाळी वेदांगचा फोन आला. श्रीरंगला कमी ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असाच लावतात. “आई, कशाला जिवाला त्रास करून घेता?” वेदांग म्हणाला. “घर बंद करा आणि इकडे या. जानेवारीत माझी मोठी जागा तयार होतेय. तोवर काढा कसेतरी दिवस. बाबांनी हो म्हटलंय.”

मी श्रीरंगकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता.

मला जायचं नव्हतं. माझं मुलावर प्रेम आहे, त्याच्या एकतिसाव्या मजल्यावर नाही. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. इथे मी थंडीच्या आधी लावलेला लसूण पेंढ्याखाली झोपलाय, तो उन्हाळ्यात मला उपटायचाय. शेजारच्या डॉरिसबरोबर मी रोज नदीपर्यंत चालत जाते आणि आम्ही दोघी मिळून गावाची निंदा करतो. लायब्ररीत बुधवारी मुलांना गोष्टी सांगते. हे सगळं एका पिंपातले जीव मेले म्हणून सोडून द्यायचं, या विचाराने मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. मी उठले, आत गेले आणि ऋजुताला फोन लावला.

“चौगुले भट्टीदुरुस्ती,” ती इंग्रजीत म्हणाली.

“मी मृणाल बोलतेय.”

मग मराठीत, “भट्टी?”

“गार पडलीय.”

“पूर्ण, का आत कोमट हाय?”

“पूर्ण.”

“उद्या सकाळी येतो मी. झाकण उघडू नका, आत काय घालू नका.”

कोल्हापूरच्या बायका स्वतःला ‘येतो, करतो’ म्हणतात. लग्नानंतर डॉरिसपासून सगळ्या गावाला मी ते कौतुकाने सांगत असे. आज ते ऐकून बरं वाटलं. पण तिने मला ना आई म्हटलं ना काकू. काहीच न म्हणता तिने बेतशीर वाक्यं बोलून फोन ठेवला होता.

ती आली तेव्हा बाहेर भुरभुर हिमवर्षाव चालू होता. दारात बूट काढले, कोटाची बटणं सोडली. आत पोटाशी गोधडीत गुंडाळून काहीतरी बांधलेलं होतं. वाटेत विरजणाला गारवा लागू नये म्हणून ते अंगाच्या उबेत आणतात. तिने गोधडी सोडली आणि तो डबा टेबलावर ठेवला.

श्रीरंगने चष्मा लावून त्यावरचं नाव वाचलं. त्याला ते पाठ होतं, तरी वाचलं.

“तुम्ही आलात, बरं झालं,” तो म्हणाला. आठवीतल्या मुलीलाही अगं-तुगं करणारा माणूस सुनेला तुम्ही म्हणत होता. ऋजुताने नुसती मान हलवली आणि आपल्या पायाखालचाच जिना असल्यासारखी तळघरात उतरली.

तिने झाकण उघडलं, वाकून वास घेतला, आणि तशीच वाकलेली राहिली. मग सरळ होऊन आमच्याकडे पाहिलं.

“लोणचं कुणी घातलं ह्यात?”

“लोणचं?” मी म्हटलं. “भट्टीत कोण लोणचं घालेल?”

श्रीरंग भिंतीवरच्या नळीचा सांधा तपासत होता. तो सांधा उत्तम होता.

ऋजुताने हातमोजा चढवून आत हात घातला, थोडं चाचपलं आणि एक काळीकुट्ट फोड बाहेर काढली. दिव्याजवळ नेऊन बघितली. “लिंबाचं हाय. मुरलेलं, लई जुनं.” मग आवाज उतरला. “माझंच हाय की हे.”

तिचंच होतं. घर सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने मोठी बरणी भरून लिंबाचं लोणचं घातलं होतं. ती गेल्यावर श्रीरंगने त्याला बोट लावलं नाही आणि मलाही ते काढू दिलं नाही. टाकूही दिलं नाही. सहा वर्षं ती बरणी फडताळात मागे उभी होती आणि मी दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसत होते.

“श्रीरंग,” मी म्हटलं. “बोल.”

“खंडेनवमी होती,” तो सांध्याकडे बघतच म्हणाला. खंडेनवमीला आम्ही घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. गाडी, मिक्सर, संगणक आणि अर्थात भट्टी. भट्टीवर श्रीरंगचा विशेष जीव. रोज जेवायला बसण्याआधी पानातला पहिला घास तो तिच्यासाठी काढून ठेवतो. लहानपणी पेणला गाईला काढायचे तसा. “म्हटलं, सणाचं काहीतरी वेगळं घालावं. फडताळ आवरत होतो. बरणी दिसली. अन्न उकिरड्यावर कसं टाकायचं? म्हटलं, भट्टीला घालू. सत्कारणी लागेल.”

“आख्खी बरणी?” ऋजुताने विचारलं.

“धुऊन घातली. म्हणजे बरणीसुद्धा विसळून.”

आता विचार करा. लोणच्यात मीठ का घालतात? वर्षभर त्यात जंतू फिरकू नयेत म्हणून. लिंबाचा आंबटपणा, हिंग, हळद, मिरची, सगळं त्याच कामाला. माणसाने हजारो वर्षं खपून जंतूंच्या विरोधात जे जे शोधलं ते सगळं एका बरणीत जमवलेलं होतं, आणि माझ्या इंजिनिअर नवऱ्याने ते भक्तिभावाने जंतूंना जेवायला वाढलं होतं. मी हसायला लागले. ऋजुतानेही तोंडावर हात धरला, पण हातमोज्याला लोणचं होतं, त्यामुळे तिला ठसका लागला. मी तिची पाठ चोळली. श्रीरंग मात्र हसला नाही.

“चालतंय,” ती डोळे पुसत म्हणाली. “आता सगळं उपसून धुवायला पाहिजे.”

सकाळभर काम चाललं. तिने पिंप रिकामं केलं, आतून घासलं, नव्या पेंढ्याच्या गोळ्या भिजवल्या. श्रीरंग बादल्या उचलून देत होता. दोघं कामापुरतं बोलत होते. ‘इकडं धरा’, ‘घ्या’, ‘जरा वर’. पिंप स्वच्छ झाल्यावर तिने हात धुतले आणि डब्याच्या कडीवर बोटं ठेवून थांबली.

“विरजण घालायच्या आधी एक विचारायचं असतंय. नियम हाय,” ती म्हणाली. “हिवाळाभर घरात कोण असणार?”

“का?” श्रीरंगने विचारलं.

“पहिल्या हिवाळ्यात भट्टी तान्ही असती. रोज दोनदा हातानं खायला घालायचं, पाणी बघायचं. यंत्रावर सोडली तर मरती, आणि मरताना नळ फोडून जाती. घर बंद होणार असंल तर मला विरजण देता येत नाही. एकटं माणूसही चालत नाही, ते आजारी पडलं तर कोण बघणार?”

“मी आहे,” मी म्हटलं.

तिने श्रीरंगकडे पाहिलं. तो बादली खाली ठेवून म्हणाला, “जानेवारीत वेदांगकडे जायचं ठरलंय. मी शब्द दिलाय त्याला.”

ऋजुताने डब्याची कडी पुन्हा घट्ट बसवली आणि डबा गोधडीत गुंडाळायला लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“तू ठरवलंस,” मी श्रीरंगला म्हटलं. “मला न विचारता. आता माझंही ऐक. मी जाणार नाही. मला तू हवास, पण मला हे घरही हवंय, आणि मी सत्तरीला आल्यावर एकतिसाव्या मजल्यावरून बर्फ बघत बसणार नाही. या भट्टीपायी एक घर आधीच मोडलंय. दुसरं मोडायचं असेल तर तू ठरव.”

श्रीरंग जिना चढून वर गेला. त्याची पावलं दिवाणखान्यात, मग खिडकीपाशी, मग कुठेच नाही.

“मी जेवणापर्यंत थांबतो,” ऋजुता हळू आवाजात म्हणाली. “विरजण तोवर धरतंय. त्यानंतर मला ते घरी न्यावं लागंल.”

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मी त्या वालांना विजेच्या पांघरुणात गुंडाळून ठेवलं होतं, त्यांना आखूड का होईना मोड आले होते. ते कोमट पाण्यात घातले आणि सोलायला घेतले. तिने न सांगता दुसरी बाजू धरली. डबा तिच्या मांडीवर होता. चिमटीत धरून दाबलं की वाल सालातून सुटकन बाहेर येतो, हे मीच तिला शिकवलं होतं. तिचा हात आता माझ्यापेक्षा भराभर चालत होता.

“राग नाही आला तुला?” मी विचारलं. “लोणच्याचा?”

“मला वाटलेलं, मी गेलो त्याच दिवशी फेकून दिलं असंल.” ती वालांकडे बघत होती. “इतकी वर्षं ठेवलंत.”

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती सोलत राहिली.

बिरडं झालं. मी पानं घेतली, तिचंही घेतलं. श्रीरंग हाक न मारताच येऊन बसला. पहिला घास सवयीने बाजूला काढला आणि मग आता तो कुणाला घालायचा हे न सुचून तसाच बघत बसला. तेवढ्यात टेबलावर फोन वाजला.

“बाबा,” वेदांगचा आवाज खोलीभर झाला, “आज तिकिटं स्वस्त आहेत. जानेवारीची काढून टाकू?”

श्रीरंगने काढलेल्या घासाकडे पाहिलं. मग ऋजुताच्या मांडीवरच्या डब्याकडे.

“नको काढूस.”

“का? मग फेब्रुवारी?”

“नाही. मला भट्टी सोडून येता येत नाही.”

ऋजुताचा घास हातातच राहिला.

“बाबा, हे वाक्य मी आधी ऐकलंय,” वेदांग म्हणाला.

“मीसुद्धा. तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.” श्रीरंगने घसा साफ केला. “तुझ्यावर राग नाही रे. तू उन्हाळ्यात ये. आपण दोघं मिळून पेंढा भरू.”

“ती आहे का तिथे?”

“आहे. जेवतेय. मग काम आहे तिला.”

“बरं,” वेदांग म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं असं मला वाटलं, पण तो एवढंच म्हणाला, “भट्टी नीट करून घ्या,” आणि फोन बंद केला. श्रीरंग मान खाली घालून जेवायला लागला. मी त्याच्या पानात आणखी बिरडं वाढलं. मला त्या क्षणी तो फार आवडला, हे इथे सांगून टाकते, कारण त्याला मी ते सांगणार नाही.

जेवणानंतर ऋजुताने डबा उघडला. आत तपकिरी लगदा होता, ओल्या मातीसारखा, आणि त्याला कोमट गोडसर वास होता. आमच्या तळघराला पूर्वी यायचा तोच. तिने तो हाताने पेंढ्यात कालवला. श्रीरंगने पुढे होऊन आपला काढलेला घास त्यात टाकला.

“एवढा चालंल,” ती म्हणाली.

पहिली ऊब धरेपर्यंत लायसन्सवाल्याला घर सोडता येत नाही. दुपारभर ती खाली स्टुलावर बसून होती. आम्हीही उगाचच काही ना काही निमित्ताने खाली जात होतो. मी चहा नेला. श्रीरंगने तापमापी नीट लागलीय ना हे तीनदा बघितलं, मग खुर्चीच घेऊन गेला. कान देऊन ऐकलं तर मला वर दोघांचे आवाज येत होते. तो क्षारांबद्दल विचारत होता आणि ती समजावून सांगत होती. अंधारून यायच्या सुमारास तिने मला हाक मारली. “हात लावा की इथं.”

झाकण कोमट झालं होतं. मी हात बराच वेळ तिथेच ठेवला.

निघताना ती कोट घालत असताना श्रीरंग मोरीतून आला. त्याने डबा स्वतः घासून-पुसून आणला होता. मधे माझ्या हातात थांबून तो जड झाला होता, कारण आमच्यात भांडं रिकामं परत पाठवत नाहीत.

“हा घे,” तो तिला म्हणाला.

“नको, हा ठेवायलाच आणलेला. तुमच्या आईचा हाय.”

“आईने तो विरजणालाच घेतला होता. तुझ्याकडे चालू आहे, तर तिथेच राहू दे.” तो ‘तू’वर आला होता हे त्याच्या लक्षातही नव्हतं. “गरम आहे, नीट धर. बिरडं आहे आत.”

तिने डबा घेतला, गोधडीत गुंडाळला आणि पोटाशी बांधला. बूट चढवले. दार उघडल्यावर गार वारा आत आला तशी ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज कामाचाच होता.

“आता भट्टीत लोणचं घालू नका, बाबा.”

“नाही घालत,” श्रीरंग म्हणाला. “तू मला एक बरणी करून दे. या खेपेला खाईन.”